वादळामागे जाताना: ठाणे–नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात बदलापूर–मुरबाडच्या बाजूला ढग चढायला लागले की आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे फोन वाजतात. कुणी वीज टिपायला निघतं, कुणी नुसतं बघायला. या नादाची आम्हाला मनापासून ओढ आहे आणि तो कुणी सोडावा असं आम्हाला वाटत नाही. पण दरवर्षी नवी मुलं यात येतात, तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं तोंडी देताना अर्धी राहून जातात. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

आपल्याकडे पाठलाग करण्यासारखी वादळं असतात तरी का?

असतात, पण अमेरिकेसारखी नाहीत. तिथे सपाट माळरानावर टोर्नेडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याच्या, मागे शेकडो किलोमीटर गाडी पळवतात. आपल्याकडे टोर्नेडो अगदी विरळा. आपलं खरं वादळ म्हणजे वळीव. एप्रिल-मे महिन्यांत आणि पुन्हा ऑक्टोबरात, दुपारच्या तापलेल्या हवेने सह्याद्रीच्या अंगावर ढग उभे राहतात, दहा-बारा किलोमीटर उंच जातात आणि संध्याकाळी वरच्या वाऱ्याबरोबर पश्चिमेला, म्हणजे कल्याण, ठाणे, बेलापूरकडे सरकतात. विजा, धूळ आणि वारा हे सगळं या ढगांचं. जुलैचा पाऊस समुद्रावरून येतो. तो दिवसचे दिवस कोसळतो, पण गडगडाट त्या मानाने कमी, आणि तेव्हाचा धोका पाण्याचा असतो. तिसरा प्रकार चक्रीवादळाचा: मे-जूनमध्ये किंवा पावसाळ्यानंतर. या तिन्हींसाठी काळजी वेगवेगळी घ्यावी लागते, हे आधी लक्षात ठेवा.

अमेरिकेतले स्टॉर्म चेझर, म्हणजे वादळांचा पाठलाग करणारे, कशाने जखमी होतात? टोर्नेडो उचलून नेतो का?

बहुतेकांचा घात रस्त्यावर होतो. टोर्नेडोने थेट घेतलेला चेझरचा पहिला बळी नोंदला गेला तो ३१ मे २०१३ रोजी, ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ. टोर्नेडोचे अभ्यासक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग असे तिघे त्यात गेले. समारस उथळ, धाडसाची हौस असलेले गृहस्थ नव्हते. २००३ मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत उपकरण ठेवून हवेचा दाब १०० हेक्टोपास्कलने, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या जवळपास दहाव्या हिश्शाने, घसरल्याची नोंद मिळवली होती. या क्षेत्रातल्या सर्वांत सावध लोकांत त्यांची गणना होत असे. एल रेनोचा टोर्नेडो पाहता पाहता ४.२ किलोमीटर रुंद झाला, त्याने दिशा आणि वेग दोन्ही बदलले, आणि पावसाच्या पडद्यामुळे त्याची कड दिसत नव्हती. इतका जाणता माणूसही सापडू शकतो, ही गोष्ट आम्ही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

पण बाकीचे मृत्यू पाहा. २८ मार्च २०१७ रोजी टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ चेझरांची गाडी चौकातली ‘थांबा’ ही पाटी न जुमानता पुढे गेली आणि दुसऱ्या चेझरच्या गाडीवर आदळली. तिघे गेले. २९ एप्रिल २०२२ रोजी ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी कॅन्ससमधला टोर्नेडो पाहून परत येत होते. ओल्या महामार्गावर त्यांची गाडी घसरली आणि मागून येणाऱ्या ट्रकने तिला धडक दिली. वादळ त्यांनी सुखरूप पाहिलं होतं. ते गेले घरी परतताना.

मग इथेही रस्ताच सगळ्यांत धोक्याचा का?

आमच्या मते हो, त्यातही दुचाकी. नजर ढगावर आणि हात ॲक्सिलरेटरवर, हे एकत्र चालत नाही. घोडबंदर रोडवर पाण्याखाली खड्डा आहे की नाही ते दिसत नाही, आणि शेजारून कंटेनर जात असतो. पाम बीच रोडवर गाड्या इतक्या वेगात येतात की कडेला स्टँड लावून फोटो काढणारा माणूस पावसात त्यांना दिसतच नाही. अटल सेतूवर तर थांबायला मनाईच आहे आणि दुचाकीला प्रवेश नाही; तिथून ढग कितीही सुंदर दिसोत, गाडी चालती ठेवा. वाशीच्या खाडीपुलावरही थांबू नका.

आम्ही एकच नियम काटेकोर पाळतो: गाडी चालवणारा कॅमेऱ्याला हात लावत नाही. मोबाइलवर रडार (ढग कुठे आहे ते दाखवणारी हवामान खात्याची चित्रं) बघायचं, नकाशा बघायचा, कुणाला फोन करायचा, ही कामं शेजारच्याची. एकटे असाल तर पाठलाग करू नका. एक जागा ठरवा, ढग यायच्या आधी पोहोचा आणि तिथेच राहा. रात्री परतताना थकवा असतो, कपडे ओले असतात, रस्त्यावर फांद्या पडलेल्या असतात. म्हणून परतीची वेळ घरून निघतानाच ठरवावी, मग समोर कितीही छान विजा चमकत असोत. पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून चिकट थर होतो. वळवाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दुचाक्या घसरतात त्या यामुळे.

वीज किती लांब असली की ठीक?

गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंद किंवा त्याहून कमी आले, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. ढग पुढे सरकला, आकाश उघडलं, मागे सोनेरी उजेड पडला की सगळे कॅमेरे घेऊन धावतात. नेमकी तीच वेळ वाईट. ढगाच्या मागच्या अंगातूनही वीज पडते, आणि कधी कधी ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, कोरड्या जागीसुद्धा.

नवी मुंबईकरांसाठी एक खास गोष्ट. ऐरोली, घणसोली, बेलापूरच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे. ढग पूर्वेकडून येतो आणि त्याचा खालचा भाग डोंगराआड असतो. त्यामुळे तुम्हाला तो दिसतो तेव्हा तो बराच जवळ आलेला असतो. डोळ्यांवर विसंबू नका, रडार बघा.

मोबाइल विजेला ओढतो का? ट्रायपॉड? छत्री? आणि रबरी चपला वाचवतात ना?

मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला फोन मात्र हातात धरू नये. ट्रायपॉड किंवा छत्री धातूची आहे यापेक्षा तुम्ही मोकळ्यावर आहात आणि आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा उंच आहात, हा खरा प्रश्न. रबरी चपला, बुटांचे तळ, दुचाकीची चाकं यांनी काहीही फरक पडत नाही. ढगातून जमिनीपर्यंत हवेचे किलोमीटर कापून आलेल्या विजेला चपलेचा सेंटिमीटर अडवणार नाही. बंद पत्र्याची गाडी वाचवते ती चाकांमुळे नव्हे. वीज पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. काचा वर, हात मांडीवर, दरवाजाच्या धातूला टेकायचं नाही. रिक्षा मात्र गाडी नव्हे. बस थांब्याचा पत्र्याचा आडोसा म्हणजेही आसरा नव्हे.

झाडाखाली उभं राहिलं तर निदान भिजणार नाही?

भिजा, पण झाडाखाली उभे राहू नका. विजेने मरणाऱ्यांपैकी थोड्यांवरच ती थेट अंगावर पडते. बरेच जण झाडावरून उडी घेणाऱ्या विजेने किंवा जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाने जातात. वीज जवळ पडली की जमिनीत दोन पायांच्या मध्येही विद्युतदाब तयार होतो. पाय जितके फाकलेले तितका तो जास्त. म्हणूनच एका झाडाखाली उभी असलेली गुरं एकदम मरतात. मोकळ्यावर अडकलात आणि कुठलाच आसरा नसेल तर एकमेकांपासून दूर व्हा, सखल भागाकडे निघा आणि तिथे पाय जोडून, वाकून राहा. आडवे पडू नका. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षित जागा नव्हे.

येऊर, पारसिक, खारघरची टेकडी: फोटोसाठी कुठे जावं?

ढग लांब असताना कुठेही जा. ढग डोक्यावर येणार असेल तर यातली एकही जागा नको. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर पाऊस बघायला, सेल्फी काढायला लोक चढले होते. तिथे वीज पडून किमान अकरा जण गेले. आपल्याकडचे टेकड्यांचे माथे, पाण्याच्या टाक्या आणि जुने बुरूज त्याच जातीच्या जागा आहेत.

खारघरच्या डोंगराला आणखी एक धोका. तिथले ओढे कोरडे वाटतात, पण वर पाऊस पडला की काही मिनिटांत फुगतात. खाली ऊन असलं तरीही. ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलेजच्या चार मुली तिथल्या ओढ्यात वाहून गेल्या. तिथल्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी घातली जाते ती उगाच नाही. पोलिसांना चुकवून मागच्या वाटेने जाणाऱ्यांना आम्ही सोबत घेत नाही, स्पष्टच सांगतो.

खाडीकाठ, म्हणजे ऐरोली, वाशीचं सागर विहार, दिवाळे, बेलापूरची जेट्टी, ओहोटीला फसवा असतो. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत रुतला की ओढून निघत नाही आणि भरती थांबत नाही. तिवरांच्या आत शिरू नका. भरतीची वेळ आणि उंची आधी बघा. साडेचार मीटरच्या वर भरती असेल आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर शहराचं पाणी खाडीत उतरत नाही, उलट आत चढतं.

मग जायचं कुठे? जिथे पाच पावलांवर पक्की इमारत किंवा तुमची बंद गाडी आहे, तिथे. आमचे बरेचसे चांगले फोटो स्टेशनच्या छताखालून, पार्किंगच्या बंदिस्त मजल्यांवरून आणि घरांच्या खिडक्यांतून आले आहेत. मात्र रेल्वेच्या पादचारी पुलावर सेल्फी स्टिक, लांब काठी किंवा छत्री बाहेर काढू नका. खालच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तारेला स्पर्श न होताही झटका बसतो.

सोसायटीच्या गच्चीवरून काढलं तर? इमारतीला लायटनिंग अरेस्टर आहे.

वीज जमिनीत उतरवणारी ती यंत्रणा इमारतीला जपते, गच्चीवर उभ्या माणसाला नाही. गच्ची म्हणजे आजूबाजूची सर्वांत उंच मोकळी जागा. त्यात डिश, टाक्या, सोलरचे पत्रे. ढग जवळ आला की खाली या.

घरातून काढताना खिडकी बंद, कॅमेरा आत. आणि लोखंडी ग्रीलमध्ये बसू नका. आपल्याकडे खिडकीबाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रीलमध्ये मुलं पाय पसरून बसतात, तिथून फोटोही छान येतो, पण विजा होत असताना त्या लोखंडाला टेकणं धोक्याचं आहे. नळ, शॉवर आणि प्लगला लावलेली उपकरणंही तेवढा वेळ सोडा. शटर उघडं ठेवून ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढायची सोय आता जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत असते. ती लावा आणि खोलीत मागे बसा.

कुणावर वीज पडली तर काय करायचं? हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो?

नाही बसत. विजेचा भार शरीरात राहत नाही, लगेच हात लावा. हा गैरसमज माणसं मारतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

वीज पडलेल्यांपैकी बहुतेक जण जगतात. जे जातात ते मुख्यतः हृदय आणि श्वास थांबल्याने. हृदय कधी कधी आपणहून पुन्हा सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र जास्त वेळ बंद राहतं. मदत मिळाली नाही तर हृदय पुन्हा थांबतं. म्हणून एकापेक्षा जास्त लोक पडले असतील तर नेहमीच्या उलट वागायचं: जो ओरडतो, हलतो तो बहुधा वाचणार आहे; जो निपचित पडला आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी धावायचं. १०८ किंवा ११२ ला फोन लावा. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. येत असेल तर तोंडाने श्वासही द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. आणि आधी स्वतःची जागा बघा: ढग डोक्यावरच असेल तर जखमीला जवळच्या आडोशाला हलवा.

नंतरच्या तक्रारीही गंभीर असतात. कानाचा पडदा फाटणं, हातपाय काही तास लुळे आणि निळसर पडणं, त्वचेवर पानाच्या शिरांसारख्या लाल रेषा उमटणं, विसरभोळेपणा, झोप न लागणं, काही महिन्यांनी मोतीबिंदू. ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्यालाही इस्पितळात नेऊन हृदयाचा आलेख (ईसीजी) काढायलाच हवा.

वाऱ्याची इतकी भीती का? वीज तर दिसते, वारा काय करणार?

१३ मे २०२४ ची दुपार आठवा. धुळीचं वादळ उठलं आणि घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं. १७ जण गेले. त्याच वादळात ठाणे–मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि लोकल बंद पडल्या.

वळवाच्या ढगातून थंड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर सगळीकडे पसरते. पाऊस पोहोचायच्या आधी ती पोहोचते. उकाड्यात अचानक गार झुळूक आली, धूळ उठली, कावळे-घारी खाली उतरल्या, की तुमच्याकडे थोडीच मिनिटं आहेत. त्या वेळी होर्डिंग, गुलमोहर आणि रेन ट्रीची जुनी झाडं, नारळ, गच्चीवरचे पत्रे यांच्यापासून दूर व्हा. घोडबंदर रोड, खारघर, तळोजा भागात बांधकामं खूप. टॉवर क्रेन, परांचीचे बांबू, काचांची तावदानं यांच्या खाली गाडी लावू नका. दुचाकीवर असाल तर हेल्मेटची काच खाली घ्या. डोळ्यांत गेलेली धूळ ही आमच्याकडची सर्वांत नेहमीची दुखापत आहे. डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

तार तुटून पडली असेल तर ती मेलेली समजू नका. लांब राहा, पाय न उचलता घासत मागे सरका, महावितरणला १९१२ वर कळवा.

गाडी पाण्यात घालावी का? एसयूव्ही आहे.

नको. वाहतं पाणी फूटभर असलं तरी बऱ्याच गाड्या तरंगायला लागतात; दोन फुटांत एसयूव्हीही वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांमध्ये बसून राहिलेली माणसं गुदमरून गेली. गाडी पाण्यात बंद पडली की लगेच काच खाली करा, पट्टा सोडा, बाहेर पडा. पाणी वाढल्यावर दार उघडत नाही. काच फोडायचीच तर बाजूची, कोपऱ्यावर. समोरची फुटत नाही. भुयारी मार्गात तर पाणी असताना शिरूच नका.

पायी चालताना उघडी मॅनहोल दिसत नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर अशाच एका मॅनहोलमध्ये पडून गेले. काठीने चाचपत, रस्त्याच्या मध्याने, एकमेकांना धरून चाला. नाहीतर चालूच नका.

चक्रीवादळ येणार असेल तर अलिबागला जाऊन बघावं का?

नाही. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पत्रे, कौलं, नारळाच्या झावळ्या त्या वेगाने उडत होत्या, आणि झाडं पडून रस्ते बंद झाले होते. तुम्ही तिथे अडकलात तर आधीच कमी पडणारी बचावाची माणसं तुमच्यामागे लागतात. गावाचं छप्पर उडालेलं असताना तिथे कॅमेरा घेऊन उभं राहणं आम्हाला पटत नाही.

ड्रोन?

वादळात नाही. आणि नवी मुंबईत विमानतळ असल्याने आसपास परवानगीशिवाय उडवताच येत नाही.

अंदाजासाठी काय बघायचं?

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुलाबा आणि वेरावलीच्या डॉपलर रडारची चित्रं येतात. तासाभरात ढग कुठून कुठे सरकला ते त्यांवर दिसतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तुमच्या जवळपास पडलेल्या विजा दाखवतं. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा ठाणे आणि रायगड असा जिल्हावार येतो. नवी मुंबईकरांनी दोन्ही बघावेत, कारण खारघर-पनवेल रायगडात आहे. रेड अलर्टच्या दिवशी आम्ही कुणीही निघत नाही.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. रात्री वीज टिपायला जातो म्हणतो. मी अडवू का?

काकू, अडवून तो थांबेल असं नाही. न सांगता जाईल ते जास्त वाईट. त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या: कुठे जाणार ते ठिकाण, सोबत कोण, आणि परतीची वेळ. लोकेशन चालू ठेवायला सांगा. दुचाकीवर जाणार असेल तर मात्र ठाम नाही म्हणा. घराच्या खिडकीतून काढायला शिकायचं असेल तर त्याला आमच्याकडे पाठवा, आम्ही शिकवू. पहिलं वर्ष नव्या मुलांना आम्ही असंच घरून काढायला लावतो.

साचलेल्या पाण्यातून चालून आलो. पायाला छोटी जखम होती. काही करायला हवं?

हो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि जखम हा त्याचा उघडा दरवाजा. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, जखम साफ करून झाका, आणि दोन-तीन दिवस न दवडता डॉक्टरांना भेटा. पाण्याशी आलेला संबंध आणि जखम बघून ते प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतात. मनाने घेऊ नका, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलं असतील तर. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं तेही सांगा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाण्यातून चालल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.